शत्रुंजयाचा यात्राकर आणि धर्मस्थानांची करमुक्ती

धर्मस्थानांकडून राजसत्तेने कर घ्यावा की त्यांना करमुक्त ठेवावे, हा प्रश्न फार जुना आहे. आज त्याची चर्चा होते ती बहुधा आयकराच्या संदर्भात. जैन समाजाने मात्र हा प्रश्न आयकराचा कायदा या देशात येण्याच्या कितीतरी आधी अनुभवला, आणि तोही तीर्थाधिराज शत्रुंजयाच्या पायथ्याशी. त्या इतिहासाचे स्मरण ठेवल्यास करमुक्तीचा खरा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

मोगल बादशहा अकबराने १५६३ मध्ये हिंदू तीर्थस्थानांवरील यात्राकर रद्द केला. पुढे १५८३ च्या सुमारास आचार्य श्री हीरविजयसूरीश्वरजी फत्तेपूर सिक्री येथे पधारले. त्यांच्या उपदेशाने बादशहाने शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कर माफ केल्याचा उल्लेख आदीश्वर दादांच्या मंदिरातील विक्रम संवत १६५० च्या शिलालेखात आहे. मात्र एका राजाने दिलेली माफी त्याच्या वंशजांवर बंधनकारक नसते. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा सुरू केला, यावरून ही गोष्ट सिद्ध झाली.

सतराव्या शतकात पालिताणा परिसरातील गोहिल ठाकोर आणि जैन संघ यांच्यात एक करार झाला. त्या काळी मार्ग निर्भय नव्हते. यात्रेकरूंचे रक्षण ठाकोरांनी करावे आणि त्याचा मोबदला संघाने द्यावा, असे ठरले. या मोबदल्यास ‘रखोपा’ म्हणत. रखोपा हा कर नव्हता. ते चौकी-पहाऱ्याचे वेतन होते. कालांतराने हाच फरक पुसट होत गेला आणि वादाचे मूळ तेथेच पडले.

ब्रिटिश अमलात ही रक्कम ठरविण्याचे काम राजकीय प्रतिनिधींकडे आले. १८२१ मध्ये बार्नवेल यांच्या मध्यस्थीने दरसाल ४,००० रुपये ठरले. १८६३ मध्ये मेजर कीटिंग यांनी १०,००० रुपये ठरविले. १८८६ मध्ये ठाकोर मानसिंहजी यांच्याशी ४० वर्षांचा करार होऊन रक्कम १५,००० रुपये झाली. संघाच्या वतीने हा व्यवहार शेठ आणंदजी कल्याणजी पेढी पाहत असे. वाटा सुरक्षित होत गेल्या, पहाऱ्याची गरज कमी झाली, तरी रक्कम वाढतच राहिली. सेवा घटत असताना मोबदला वाढू लागला, की त्यास मोबदला म्हणता येत नाही.

३१ मार्च १९२६ रोजी चाळीस वर्षांची मुदत संपली. त्या वेळचे ठाकोर बहादुरसिंहजी यांना यात्रेकरूंवर थेट कर बसविण्याचा अधिकार हवा होता. देवदर्शनास जाणाऱ्याची पायथ्याशी मोजदाद व्हावी आणि दर माणशी पैसे घेतले जावेत, ही कल्पना समाजास असह्य झाली. १ एप्रिल १९२६ पासून यात्रा बंद करण्याचा निर्णय झाला. ज्या गिरिराजाची यात्रा आयुष्यात एकदा तरी घडावी अशी प्रत्येक श्रावकाची मनीषा असते, तेथे न जाण्याचे व्रत समाजाने घेतले. दोन कार्तिकी पौर्णिमा बहिष्काराच्या काळातच आल्या आणि गेल्या. एखाद्या वृद्ध श्राविकेसाठी त्या दोन वर्षांचा अर्थ काय असेल, याची कल्पना सहज करता येते.

अखेर मे १९२८ मध्ये सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. यात्रेकरूंवर थेट कर लागला नाही. पण संघाने ३५ वर्षे दरसाल ६०,००० रुपये देण्याचे मान्य केले. १ जूनपासून यात्रा पुन्हा सुरू झाली. हिशेब केला तर मागील कराराच्या चौपट ही रक्कम होती, आणि पूर्ण मुदतीत ती २१ लाखांवर गेली असती. स्वातंत्र्यानंतर पालिताणा संस्थान सौराष्ट्रात विलीन झाले आणि ही देणगी-वजा-खंडणी इतिहासजमा झाली.

१९५० मध्ये अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ ने असे ठरविले, की विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी ज्याचे उत्पन्न खर्च होणार आहे असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. त्याच वर्षी मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. विश्वस्त संस्थांची नोंदणी, हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांच्या निधीसाठी अंशदान या गोष्टी त्यामुळे बंधनकारक झाल्या. एका जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्यास आव्हान दिले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मूळ हेतू पार पाडता येत असताना देवद्रव्य अन्य कामांकडे वळविणे हे धर्मस्वातंत्र्यावरील आक्रमण होय, हे न्यायालयाने मान्य केले. अंशदान मात्र वैध ठरविले. कारण ती रक्कम स्वतंत्र निधीत जमा होऊन संस्थांच्याच देखरेखीवर खर्च होणार होती. त्याच वर्षी उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात मद्रास राज्याचे अंशदान न्यायालयाने अवैध ठरविले. तेथे ती रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जात होती. रक्कम कोणत्या खात्यात जमा होते आणि कशासाठी खर्च होते, यावर शुल्क आणि कर यांतील भेद ठरला. रखोपा आणि यात्राकर यांतील जुना भेदच येथे कायद्याच्या भाषेत मांडला गेला.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत फ्रेडरिक वॉल्झ या न्यूयॉर्कमधील जमीनमालकाने तक्रार केली, की चर्चची मालमत्ता करमुक्त असल्याने त्याचा भार आपल्यावर पडतो. १९७० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. सवलत केवळ चर्चला नसून रुग्णालये, ग्रंथालये अशा अनेक संस्थांना आहे, आणि कर आकारू लागल्यास मालमत्तेच्या मूल्यांकनापासून जप्तीपर्यंत सरकार चर्चच्या कारभारात गुंतेल, असे न्यायालयाचे मत पडले. तरीही वॉल्झची तक्रार निराधार म्हणता येत नाही. तेथे इतर धर्मादाय संस्थांना जे वार्षिक विवरणपत्र द्यावे लागते, त्यातून चर्चला सूट आहे. त्यामुळे संशयास जागा राहते.

भारतीय कायद्याने दुसरा मार्ग धरला. १९६१ च्या आयकर कायद्याने धर्मादाय आणि धार्मिक संस्थांच्या उत्पन्नास सवलत दिली, पण तिला नोंदणी, लेखापरीक्षण आणि उत्पन्नाचा ठरावीक भाग उद्दिष्टांवरच खर्च करण्याची अट जोडली. विश्वस्ताने किंवा त्याच्या नातलगाने संस्थेच्या पैशाचा लाभ घेतल्यास सवलत जाऊ शकते, अशीही तरतूद केली. २०२५ मध्ये संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यातही सवलतीचे तत्त्व कायम आहे.

जो व्यापारी नियमाने कर भरतो, त्यास मंदिराची करमुक्ती न्याय्य वाटावी, यासाठी मंदिराचा ताळेबंद त्याच्यासमोर उघडा असला पाहिजे. रस्ता, पाणी, दिवाबत्ती या सेवांचा वाजवी मोबदला देण्यास धर्मस्थानाने कधी कचरू नये. रखोपा देणाऱ्या पूर्वजांनीही तो नाकारला नव्हता. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण आणि जीवदया ही खाती वेगळी ठेवण्याचा दंडक आपल्या परंपरेत कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तो दंडक विश्वस्तांनी जितक्या काटेकोरपणे पाळावा, तितका करमुक्तीचा आपला हक्क बळकट होईल. शत्रुंजयाच्या पायथ्याशी दोन वर्षे दर्शनावाचून राहिलेल्या पिढीचे ऋण फेडण्याचा याहून योग्य मार्ग दिसत नाही.