एकाच पेढीची दोन गिऱ्हाइकं

जुन्या स्विस घड्याळांच्या शौकिनांत एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ओहायोतले मोटारनिर्माते जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि न्यूयॉर्कच्या सधन घराण्यातले हेन्री ग्रेव्हज यांच्यात ‘सर्वांत गुंतागुंतीचं घड्याळ कोणाचं’ यावरून चुरस लागली आणि ग्रेव्हजनी शेवटी बाजी मारली. गोष्ट रंगतदार आहे. पण तारखा आणि घड्याळांवरचे क्रमांक शेजारी मांडले, की तिचा उत्तरार्ध डळमळू लागतो.

दोघांचीही ती घड्याळं जिनिव्हाच्या ‘पाटेक फिलिप’ची. पॅकार्डना 1916 साली मिळालेल्या घड्याळात 16 ‘कॉम्प्लिकेशन्स’ होती, म्हणजे वेळ दाखवण्याखेरीज 16 जास्तीची कामं. ग्रेव्हजनी आपलं घड्याळ सांगितलं 1925 मध्ये. पॅकार्डचं विख्यात खगोल-घड्याळ हाती आलं 1927 मध्ये. त्यावर त्यांच्या वॉरन गावावरचं आकाश 500 ताऱ्यांनिशी उतरवलेलं. म्हणजे ते पाहून ग्रेव्हज इरेला पेटले असतील, तर ते मागणी नोंदवून झाल्यावर. पॅकार्डच्या 1916च्या घड्याळाने त्यांना डिवचलं असणं मात्र शक्य आहे, आणि तेवढ्यापुरती चुरस मानायला माझी हरकत नाही.

पुढचं गणित जुळत नाही. पॅकार्ड 20 मार्च 1928 रोजी वारले. ग्रेव्हजचं घड्याळ त्यांच्या स्वाधीन झालं 19 जानेवारी 1933 रोजी. मधे पाच वर्षांना दोनच महिने कमी. हरवायचं कोणाला?

आता क्रमांक. पॅकार्डच्या खगोल-घड्याळातल्या यंत्राचा क्रमांक 198023, ग्रेव्हजच्या यंत्राचा 198385. फरक 362चा. एका मालिकेतले इतके जवळचे क्रमांक पाहता, दोन्ही कामं पेढीने जवळपास एकाच सुमारास हाती धरली असावीत, असं अनुमान निघतं. प्रतिस्पर्धी म्हणवले जाणारे दोघेही एकाच दुकानाच्या पायऱ्या चढत होते, तेव्हा जिंको कोणीही, पैसे जिनिव्हालाच पोहोचणार होते.

ग्रेव्हजचं घड्याळ स्वतःही एक दस्तऐवजच आहे. त्याला दोन्ही बाजूंनी तबकड्या. सूर्योदय आणि सूर्यास्त न्यूयॉर्कचे, आकाशाचा नकाशा न्यूयॉर्कच्याच रात्रीचा. नाक्षत्र वेळ आहे, चंद्रकला आहेत, लीप वर्ष सांभाळणारं कॅलेंडर आहे, वेस्टमिन्स्टरच्या घंटांच्या सुरात ठोके आहेत. कॉम्प्लिकेशन्स 24, सुटे भाग 920. संगणक नसताना हा सगळा हिशोब कागदावर झाला, तीन वर्षं आखणीत आणि पाच वर्षं घडणीत गेली. हात मात्र सगळे पाटेकचे नव्हते. गुंतागुंतीचं काम व्हाले द जूच्या खोऱ्यातल्या व्हिक्टोरिन पिगे यांच्या कारखान्यात झालं. तबकडीवर नाव पेढीचं येतं, खोऱ्यातल्या कारागिरांचं नाही. ही रीत जुनीच.

त्याआधीचा गुंतागुंतीचा उच्चांक पाटेकचा नव्हताच. तो होता ‘लरुआ 01’ या फ्रेंच घड्याळाचा; 1904 मध्ये ते पोर्तुगालच्या कार्व्हाल्यो मोंतेइरो यांना मिळालं. 24 हा आकडा ओहायोपेक्षा या घड्याळाकडे बघून ठरला असावा, असं मला वाटतं. स्विस पेढीला ते सलणं साहजिक होतं.

मागणी आणि सुपूर्दगी यांच्यामध्ये 1929चं शेअर बाजाराचं कोसळणं येतं. 1932 मध्ये खुद्द पाटेक फिलिपची मालकी बदलली. तिला तबकड्या पुरवणाऱ्या स्टर्न बंधूंनी ती विकत घेतली. अशा दिवसांत ग्रेव्हजनी मोजलेले 60,000 स्विस फ्रँक पेढीला किती आधाराचे वाटले असतील, याची कल्पना करता येते.

संग्राहक आज पाटेककडून दप्तराचा उतारा मागवतात. त्यात घडणीची आणि विक्रीची तारीख असते, क्रमांक असतात. पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव नसतं. त्यामुळे कोणत्याही घड्याळाच्या मालकीची साखळी इतर कागदांतूनच जोडावी लागते. ग्रेव्हजच्या बाबतीत ती सुदैवाने सलग आहे. लेकीकडून ते नातवाकडे आलं. नातवाने 1969 मध्ये सेथ ॲटवुड यांना 2 लाख डॉलरला विकलं, आणि इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या ‘टाइम म्युझियम’मध्ये ते लोकांना पाहायला मिळू लागलं. संग्रहालय बंद झाल्यावर डिसेंबर 1999 मध्ये सोदबीजने न्यूयॉर्कला लिलाव केला: 1 कोटी 10 लाख 2,500 डॉलर. ते घेतलं कतारच्या शेख सौद अल थानी यांनी.

सर्वांत गुंतागुंतीचं हा मान तोवर गेला होता. 1989 मध्ये पाटेकनेच आपल्या दीडशेव्या वर्षानिमित्त 33 कॉम्प्लिकेशन्सचं ‘कॅलिबर 89’ काढलं, तेही संगणकाच्या मदतीने. भावाला त्याने काही फरक पडला नाही. 11 नोव्हेंबर 2014 रोजी जिनिव्हात ग्रेव्हजचं घड्याळ पुन्हा पुकारलं गेलं आणि 2 कोटी 32 लाख 37 हजार फ्रँकना गेलं, मूळ किमतीच्या 387 पट. शेख सौद दोनच दिवसांपूर्वी वारले होते.