निवडून दिल्यानंतरचे कर्तव्य

इ. स. १९६२ हे वर्ष त्या वेळच्या चांदा जिल्ह्यासाठी दोन आरंभांचे वर्ष ठरले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली झालेल्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. वैनगंगा आणि इंद्रावतीच्या खोऱ्यांतील अरण्यवासी माणसाला, निदान कागदावर तरी, जिल्ह्याच्या कारभारात आसन मिळाले. त्याच वर्षी चांदा परिसराचे मिशनकार्य केरळमधील सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे सोपवण्यात आले. पुढे १९७७ साली चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बल्लारपूर हे त्याचे केंद्र बनले.

दुसऱ्या आरंभाची आठवण आपण कृतज्ञतेने ठेवतो. पहिल्याचाही आपल्या श्रद्धेशी काही संबंध आहे, हे मात्र सहसा आपल्या मनात येत नाही. तो संबंध शोधण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींना घटनेचे संरक्षण मिळाले आणि स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. डिसेंबर १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांसाठी ‘पेसा’ कायदा झाला. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरच्या राजुरा परिसरातील गावे त्याच्या कक्षेत येतात. गावाच्या पारंपरिक साधनसंपत्तीवर ग्रामसभेचा अधिकार या कायद्याने मान्य केला; मात्र त्याचे राज्यातील नियम व्हायला २०१४ साल उजाडले.

कायद्यांची ही मालिका दिसायला भरघोस आहे. तथापि, तिच्या आधारे प्रथमच निवडून आलेल्या सदस्याची अवस्था काय होते? घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी एखादी भगिनी राखीव जागेवरून निवडून येते. पंचायतीची दप्तरे मराठीत, तीही सरकारी मराठीत. ठराव कोणी लिहिला, निधी कोणत्या शीर्षाखाली आला, सही कशावर केली, हे तिला समजावून सांगायला कोणी नसते. त्यातच गडचिरोलीत अनेक वर्षे बंदुकीची छाया होती. लोकप्रतिनिधींना धमक्या आल्या, काहींच्या हत्या झाल्या, कित्येकांनी राजीनामे दिले. निवडणुकीच्या दिवशी ज्याला खांद्यावर घेतले, तो दुसऱ्या दिवसापासून एकटा पडला.

या एकटेपणावर उत्तर शोधणारे एक गाव याच अरण्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंड वस्तीचे लहानसे गाव. शेजारच्या लेखा गावाशी जोडून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध आंदोलन उभे राहिले, तेव्हा या परिसरातील गावे जागी झाली. धरणे थांबली, पण ‘जंगल आपले आहे, तर त्याचा कारभार कोणी करायचा?’ हा प्रश्न उरला. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी यांनी तो प्रश्न धरून ठेवला. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्यांचे सहकारी झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा येथूनच महाराष्ट्रभर गेली.

घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागची शिस्त तितकी ठाऊक नाही. मेंढ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यासमंडळ आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यासमंडळात बाहेरचा जाणकारही बसू शकतो. तेथे कायदा वाचायचा, हिशेब समजून घ्यायचा, शंका विचारायच्या. निर्णय मात्र घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने. सहमती नसेल तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. या रीतीने वेळ लागतो, हे खरे. पण निर्णय झाल्यावर गावाचा माणूस सरकारी कचेरीत एकटा जात नाही. त्याच्या शब्दामागे संपूर्ण गाव उभे असते.

या शिस्तीचे फळ पुढे दिसले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावासह देशातील ही पहिलीच उदाहरणे होत. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. गावकऱ्यांनी कायदा स्वतः वाचलेला होता. बांबू हे गौण वनोपज आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते हटले नाहीत. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला सुमारे हजार हेक्टरांवर असाच हक्क मिळाला आणि बांबूच्या विक्रीतून गावातच काम उपलब्ध झाले.

मेंढ्याचे सारेच अनुकरणीय वा सर्वत्र शक्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. शंभर घरांच्या गावात जे जमते, ते नगरात तसेच जमणार नाही. पण त्यातील तत्त्व घेण्यासारखे आहे. प्रतिनिधीला बळ देतो तो शिकलेला, जागा असलेला शेजार. असा शेजार नसेल, तर सदस्य ठेकेदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या आधाराला जातो, आणि मग त्याला दोष देण्यात आपण सर्वांत पुढे असतो.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. चंद्रपूर महानगरपालिकेचीही त्याच वर्षी संपली. त्यानंतर निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यातील स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले. इतक्या खंडानंतर सभागृहात पाऊल टाकणाऱ्या नव्या सदस्याला मार्ग दाखवायला जुनी परंपराही धड उरलेली नसते.

येथे पवित्र शास्त्रातील एक प्रसंग आठवतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे एकटाच सोडवीत बसला होता. त्याचा सासरा इथ्रो याने ते पाहिले आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर विश्वासू माणसे नेमण्याचा सल्ला दिला. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात हाच विचार सामाजिक तत्त्व म्हणून मांडला : लहान समूह जे स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये, उलट त्याला साहाय्य करावे. १९८३ च्या चर्चच्या कायदासंहितेने धर्मगुरूंना राजसत्तेचे पद स्वीकारण्यास मनाई केली आहे. म्हणजे हे क्षेत्र प्रापंचिकांचेच, तुमचे-आमचे आहे.

वसईच्या वाचकांना हे दूरच्या जंगलातले वाटू नये. जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आपली ग्रामपंचायत राहावी म्हणून तेथील गावे रस्त्यावर उतरली होती. गावाचा कारभार गावाच्या हाती असावा, ही ओढ मेंढ्यात आणि वसईत एकच आहे. मात्र हक्कासाठी रस्त्यावर उतरणारे आपण ग्रामसभेच्या किंवा वॉर्डाच्या बैठकीला किती वेळा जातो?

प्रत्येक धर्मग्रामात हिशेब जाणणारे, कायदा शिकलेले, निवृत्त शिक्षक, बँकेत नोकरी केलेले असे दोन-चार जण सहज मिळतील. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी आपल्या सदस्यासमवेत बसावे. सदस्य कोणत्या पक्षाचा वा कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. अर्थसंकल्प वाचावा, शंका काढाव्यात आणि निर्णय सभेवर सोपवून उठावे. मतपेटीजवळ आपले अर्धेच कर्तव्य संपते. उरलेले अर्धे या संध्याकाळी पार पाडायचे आहे.