'तारण' आणि 'खंडणी' : ख्रिस्ती उद्धारविचाराचा इतिहास

ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत वाचताना 'तारण', 'मुक्ती' आणि 'खंडणी' हे शब्द वारंवार भेटतात. वाचक ते बहुधा समानार्थी समजतो. वस्तुतः त्यांत दोन निराळ्या कल्पना आहेत. तारण म्हणजे नाशापासून वाचविणे. विमोचन म्हणजे मोल देऊन सोडविणे. पहिलीत बुडणाऱ्याची आठवण आहे, तर दुसरीत दासाची.

विमोचनाचे मूळ यहुद्यांच्या व्यवहारधर्मात सापडते. कर्जापायी कुणाची जमीन गेली, किंवा तो स्वतः विकला गेला, तर जवळच्या आप्ताने मोल भरून सोडवणूक करावी, असा नियम लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात आहे. ग्रीक भाषेतही दास वा युद्धकैदी यांच्या सुटकेसाठी दिलेल्या द्रव्यास स्वतंत्र शब्द होता. येशूच्या मरणाचा अर्थ सांगताना नव्या कराराने तोच शब्द घेतला. मराठी भाषांतरात तेथे 'खंडणी' आली.

परंतु हे मोल कोणास दिले? या प्रश्नाने पुढील पंडितांना शतकानुशतके स्वस्थ बसू दिले नाही. मनुष्य सैतानाच्या ताब्यात होता, म्हणून मोल त्यालाच पोचले, असे चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने मांडले. त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी मात्र ही कल्पना ऐकून संतापला. दरोडेखोराला एवढे मोल द्यावयाचे काय, असा त्याचा आक्षेप होता. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात सैतानाचा हक्क साफ नाकारला. पापाने ईश्वराच्या मानाची हानी झाली व ते ऋण ईश्वर-मनुष्यच फेडू शकतो, असे त्याने प्रतिपादिले. त्यात सरंजामी युगाची छाया स्पष्ट दिसते. त्यानंतर अबेलार्डने (१०७९–११४२) ऋणापेक्षा प्रेमावर भर दिला : क्रूसावरील प्रीती पाहून मनुष्याचे अंतःकरण पालटते, हीच सुटका.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, इ. स. ३२५ च्या निकाया परिषदेने 'आमच्या तारणासाठी' ख्रिस्त आला एवढे श्रद्धासूत्रात सांगितले. ते कसे घडले याचा एकच सिद्धान्त प्राचीन परिषदांनी बंधनकारक केला नाही. श्रद्धा एक राहिली. दृष्टान्त मात्र काळाप्रमाणे बदलत गेले.

हा विचार मराठीत आणताना अडचण वाढली. आपल्या परंपरेत मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका; ख्रिस्ती विचारात ती पापापासून व मरणापासून सुटका. तरीही १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा ओळखीचा शब्द स्वीकारला. त्यात अर्थाची सरमिसळ होण्याचा धोका होताच. परंतु परका शब्द कानावरून जातो, आपला शब्द मनात उतरतो, हे त्या कवीने जाणले असावे.

योगायोग असा की, मराठीत 'तारण' म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तूही होय. गहाण पडलेले सोडवून आणणे आणि बुडणाऱ्याला वाचविणे, हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. ज्या दोन कल्पनांची सांगड घालण्यासाठी पंडितांनी ग्रंथ लिहिले, त्या आपल्या बोलीत आधीच शेजारी होत्या. उद्धाराचा अर्थ शोधणाऱ्याने म्हणून सिद्धान्तांबरोबर शब्दांचाही इतिहास पाहिला पाहिजे.