माशीलाही आजार होतो

माशी आपल्या ताटात जुलाब, हगवण, टायफॉइडचे जंतू आणून सोडते, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलेले असेल. पण माशीलाही आजार होतात. किड्यांच्या अशाच एका आजारातून आपल्या वैद्यकशास्त्राला फार मोठा धडा मिळाला.

इटलीत रेशमाचे किडे पांढरे, खडूसारखे कडक होऊन मरत. आगोस्तिनो बास्सी यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८३५ मध्ये दाखवून दिले, की हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो व एका किड्याकडून दुसऱ्याला लागतो. पाश्चर आणि कॉख यांचे काम यानंतरचे! या बुरशीला आज बिव्हेरिया म्हणतात. घरमाशीला मारणाऱ्या एका वेगळ्या बुरशीचे वर्णन १८५५ मध्ये फर्डिनांड कोह्न यांनी केले. पुढे १८७९ मध्ये मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंग्यांवर मुद्दाम बुरशी सोडून पाहिली. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे शोधून १९०८ चे नोबेल मिळवणारे मेचनिकॉफ ते हेच.

मग डीडीटी आले आणि बुरशी मागे पडली. पण थोड्याच वर्षांत युरोपातल्या माश्या डीडीटीला दाद देईनात. रासायनिक फवारणी माणसाला किती महाग पडते, हे आपण विदर्भात २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. तिथे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

बिव्हेरिया, मेटारायझियम ही नावे आपल्याकडच्या कापूस-संत्रावाल्यांना कृषी केंद्रातल्या पाकिटांवरून ओळखीची आहेत. बुरशीचा बीजाणू किड्याच्या अंगावर रुजतो, कातडीला भोक पाडून आत शिरतो आणि साधारण चार ते सात दिवसांत किडा मरतो. माशीच्या बाबतीत अडचण इथेच आहे. उकाड्यात अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि बुरशी लागलेली माशी मरण्याआधी अंडी घालू शकते. त्यात नागपूरचा मे महिना! पस्तीस अंशांच्या वर या बुरशा नीट वाढत नाहीत, ऊन त्यांचे बीजाणू मारते. पावसाळ्यातली दमट हवा मात्र त्यांना मानवते.

म्हणून बुरशीची जागा कोंबड्यांची शेड, गोठा इथे आहे. शेतीचे पाकीट आणून स्वयंपाकघरात फवारू नका. बिव्हेरियामुळे डोळ्याला संसर्ग झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत. घरातला ओला कचरा रोज बाहेर गेला, तर अळीची माशी व्हायला तिथे वेळच मिळत नाही.