दोन मालमोटारींची शंभर वर्षे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. बाजारपेठेचा न्याय मात्र निराळा असतो. फोर्ड आणि शेव्हरोले ह्या दोन अमेरिकन पिकअप मालमोटारी जवळजवळ शंभर वर्षे एकमेकींशी झुंजत आल्या, आणि त्या झुंजीतूनच दोघींना धार चढत गेली. ह्या चढाओढीने काय साधले आणि काय राहून गेले, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची बैठक आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. आरंभी ती कारखान्यातून पुरती तयार होऊन येत नसे. शेतकरी मोटार किंवा नुसता सांगाडा विकत घेई आणि हौदा दुसऱ्या कारागिराकडून बसवून घेई. १९२५ साली फोर्डने आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीला कारखान्यातच हौदा जोडला आणि ती २८१ डॉलरला विकावयास काढली. त्या वर्षी अशा सुमारे ३४ हजार गाड्या तयार झाल्या. दूध, धान्य, पिंपे वाहणाऱ्या माणसाची सोय, एवढाच तिचा हेतू होता.

जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेने प्रत्युत्तर दिले ते इंजिनाच्या बळावर. १९२९ साली तिने चार सिलिंडरांच्या किमतीत सहा सिलिंडरांचे इंजिन देऊ केले. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन आणून तिच्यावर मात करू पाहिली. शेव्हरोलेने मात्र आपल्या साध्या, दणकट सहा सिलिंडरांवरचा विश्वास ढळू दिला नाही. तिच्या पिकअपला व्ही-८ मिळाले ते १९५५ साली. एकीची धडाडी आणि दुसरीचा धिमेपणा, असे दोन स्वभाव तेव्हा स्पष्ट दिसत होते.

महायुद्धानंतर हे स्वभाव एकमेकांत मिसळू लागले. १९४७ साली शेव्हरोलेने नव्या घडणीच्या मालमोटारी काढल्या. पाठोपाठ १९४८ च्या आरंभी फोर्डची ‘एफ’ मालिका आली. १९५५ साली शेव्हरोलेने एका महागड्या नमुन्यात हौद्याच्या बाजू चालकाच्या खोलीशी सरळ रेषेत आणल्या. त्या बाजू तंतुकाचेच्या होत्या. १९५७ साली फोर्डने तीच कल्पना पोलादात उतरवून सामान्य ग्राहकापर्यंत नेली, आणि पुढच्याच वर्षी शेव्हरोलेने फोर्डचे अनुकरण केले. कल्पना एकीची, प्रसार दुसरीचा आणि लाभ ग्राहकाचा, असा हा व्यवहार होता.

परंतु ह्या झुंजीचे मैदान सर्वांना सारखे खुले राहिले नाही. युरोपीय राष्ट्रांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या मालमोटारींवर २५ टक्के जकात बसविली. कोंबडीच्या भांडणात परक्या मालमोटारीची वाट अडली, आणि ह्या घरच्या मल्लांना कुंपण मिळाले.

पुढे सरकारी नियमांनीही ह्या गाड्यांना नवे वळण लावले. १९७५ च्या सुमारास धूरशुद्धीचे निर्बंध हलक्या गाड्यांवर कडक झाले. मालासकट कमाल वजन ६,००० पौंडांहून अधिक असलेल्या गाड्यांना सवलत होती. म्हणून फोर्डने ‘एफ-१५०’ हा थोडा अधिक भारी नमुना काढला. शेव्हरोलेनेही तशीच वाट धरली. १९७७ पासून ‘एफ’ मालिका मालमोटारींच्या विक्रीत पहिली ठरत आली. मात्र जनरल मोटर्सची शेव्हरोले सिल्व्हराडो आणि तिचीच बहीण जीएमसी सिएरा यांची बेरीज केली, तर काही वर्षी पारडे फिरते. पहिले कोण, हे मोजण्याच्या रीतीवर ठरते.

एव्हाना शेतातली पिकअप कुटुंबाच्या अंगणात आली होती. बैठकींच्या दोन रांगा, चार दरवाजे आणि गुबगुबीत गाद्या आल्या. २०१५ च्या नमुन्यात फोर्डने पोलादी अंग टाकून ॲल्युमिनियमचे घेतले आणि ७०० पौंडांपर्यंत वजन उतरविले. २०१६ साली शेव्हरोलेने जाहिरातीत दोन्ही हौद्यांत दगडी ठोकळे ओतून दाखविले: ॲल्युमिनियमला भोके पडली, पोलादाला पोचे. पण २०१९ च्या सिल्व्हराडोचे दरवाजे आणि मागचा फाळका ॲल्युमिनियमचेच होते! इतकेच नव्हे, दोन्ही गाड्यांतील दहा गतींची गिअरपेटी ही ह्या दोन वैऱ्यांनी एकत्र बसून आखलेली आहे. बाहेर रणदुंदुभी आणि आत सहकार, असा हा प्रकार आहे.

ह्या शंभर वर्षांत गाडी बळकट, सुखकर आणि टिकाऊ झाली, हे स्पर्धेचे श्रेय निर्विवाद आहे. पण स्पर्धा सुधारते ते ज्यावर ग्राहक बोली लावतो तेवढेच. रस्ता ओलांडणारा पादचारी ह्या बाजारात ग्राहक नसतो. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२३ साली असे दाखविले, की ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा ४० इंचांहून उंच तोंडाची गाडी धडकल्यास पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. भव्य, उभे तोंड ही तर आजच्या पिकअपची ऐटच!

दोन मल्ल एकमेकांकडे पाहत वाढतात, तेव्हा आखाड्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांची पाठ असते. त्याची काळजी बाजाराने आपण होऊन वाहिल्याचा दाखला ह्या इतिहासात नाही. ते काम समाजाचे आणि कायद्याचे आहे.