राखून ठेवलेली शांतता

लोणीहून मंचरमार्गे नारायणगाव आणि तिथून खोडद गाठलं, की शेतांमधून आभाळाकडे तोंड केलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण इथे उभारली, कारण पुण्याचा रेडिओ-गोंगाट मधले डोंगर अडवतात. पुढे मोबाइल गावोगाव आला. टॉवरचा 900 मेगाहर्ट्‌झचा आवाज दुर्बिणीच्या 1000 ते 1450च्या पट्ट्याला खेटून बसला आणि तो रोखायला तबकड्यांवर गाळण्या चढवाव्या लागल्या. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावचा मार्गही याच शांततेपायी नाकारला गेला. त्याचा सल इथल्या माणसाला आहे.

एकाच्या आवाजात दुसऱ्याची हाक हरवण्याचं हे दुखणं जुनं आहे. 1912मध्ये टायटॅनिक बुडाली, त्या काळात हौशी बिनतारीवाल्यांच्या गर्दीत कामाचे संदेश हरवत. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून हौशींना 200 मीटरहून आखूड लहरींवर पाठवलं. पुढे समुद्रावर तर गप्प बसण्याचीच वेळ ठरली. तासाच्या 15व्या आणि 45व्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटं 500 किलोहर्ट्‌झवर कोणी बोलायचं नाही, फक्त संकटातल्या जहाजाच्या हाकेकडे कान द्यायचा. जहाजावरच्या रेडिओखोलीतल्या घड्याळात तेवढा भाग लाल रंगवलेला असे. मला ही युक्ती एसओएसच्या खुणेपेक्षाही मोठी वाटते.

मोबाइलने ही शिस्त विस्कटली, तीही नियम न मोडता. अमेरिकेत 800 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पोलीस, अग्निशमन दल आणि नेक्स्टेल कंपनी यांच्या वाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या. पोलिसांचा मनोरा लांब, उंचावर. नेक्स्टेलचे टॉवर गल्लोगल्ली. टॉवरच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या जवानाच्या वॉकीटॉकीत जवळचे दोन जोरकस सिग्नल मिसळून तिसराच तयार होई आणि नेमका त्याच्या वाहिनीवर येऊन पडे. यंत्र धडधाकट, पण लांबून आलेली हाक ऐकू येत नसे. अखेर 2004मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने वाहिन्यांची फेरमांडणी करायला लावली. नेक्स्टेलला पदरचे पैसे घालून बाजूला सरकावं लागलं. ते काम संपायला दीड दशकाहून अधिक काळ गेला.

म्हणून टॉवर नकोत, असं आमच्या आंबेगाव तालुक्यातला माणूस म्हणणार नाही. 30 जुलै 2014ला याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. गावाच्या जागी चिखल आहे, ही खबर बाहेर पोचवली ती फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. या डोंगरात टॉवर हवेतच. फक्त ते उभारण्याआधी तिथे पोलिसांच्या आणि अग्निशमनाच्या बिनतारी वाहिन्या कुठल्या आहेत, हे कोणीतरी बघायला हवं.