माशीचा जिवाणू आणि आपला कोसा

पाऊस लागला की कोठ्यात काय हाल होतात ते तुम्हाला सांगायला नको. चावऱ्या माशा बैलांच्या पायांना डसतात, जनावर दिवसभर पाय आपटत राहते, धार काढताना गाय जागेवर ठरत नाही. यंदा आमच्या गटातल्या एकीने दुकानातून जिवाणूची पुडी आणली. शेणावर टाका, माशा होणार नाहीत, असे तिला सांगितले होते. बैठकीत आम्ही पुडीवरचे नाव वाचले: बॅसिलस थुरिंजिएन्सिस, जात कुर्स्टाकी. आमच्यातल्या तिघींच्या घरी टसरचे काम चालते, म्हणून फोडण्याआधी माहिती काढली. बरे झाले काढली.

या जिवाणूचा इतिहास सुरूच होतो रेशमापासून. जपानमध्ये १९०१ साली रेशमाच्या अळ्या अचानक मरू लागल्या. इशिवाता या शास्त्रज्ञांना त्यांच्यात हा जिवाणू सापडला. म्हणजे आज ज्याला औषध म्हणतात, तो आधी रेशीमवाल्यांचा वैरी! पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या अळीत तो मिळाला. थुरिंजिया भागावरून त्यांनी १९१५ साली त्याला नाव दिले.

हा जिवाणू आपल्या पोटात प्रथिनाचा बारीक खडा तयार करतो. अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्यात विरघळतो, आतड्याला भोके पडतात, अळी खाणे सोडते. मात्र प्रत्येक जातीचा खडा वेगळा. कुर्स्टाकी पतंग-फुलपाखरांच्या अळ्या मारतो, आणि आपला कोसा करणारी अळीही पतंगाचीच.

माशांसाठीही प्रयत्न झाले. १९६०च्या सुमारास अमेरिकेत कोंबड्यांना, गाईंना खाद्यातून हा जिवाणू देऊन पाहिला, की शेणातच माशीची अळी मरावी. काही जुन्या औषधांत याच जिवाणूचे दुसरे एक विष माशा मारायचे, पण ते माणसाला व जनावराला धोक्याचे, म्हणून मागे पडले. १९७६ साली इस्राएलच्या वाळवंटी भागातल्या एका डबक्यात इस्राएलेन्सिस ही जात सापडली. ती डासांच्या अळ्या छान मारते. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माशीवर, जिच्यामुळे माणसे आंधळी होत, तिचा मोठा उपयोग झाला. कोठ्यातल्या चावऱ्या माशीवर मात्र तिचा फारसा जोर चालत नाही.

म्हणजे आमच्या पुडीने माशी मेली नसती. उलट ऐनाच्या पानांवर उडाली असती, तर ढिवर बायांची अख्खी कोशाची फसल गेली असती.

पुडी आता हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी ठेवली आहे, तीही ऐन-अर्जुनाच्या झाडांपासून लांबच्या वावरात. चावरी माशी अंडी घालते ती शेणमुताने भिजलेल्या तणसात. अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला तणस ओढून उन्हात पसरतो, उघडीप नसली तर छपराखाली पातळ करून टाकतो. पाळी लावली आहे. या सोमवारी आमची.